ब्रेकनंतर नोकरीला निघताय? आधी अर्जावरचा नवऱ्याचा नंबर खोडा

जळगाव-भुसावळ पट्ट्यातल्या कारखान्यांना, दालमिलना, दवाखान्यांना ऑफिसची माणसं शोधून देणं हे माझं काम. लग्न, बाळंतपण, सासू-सासऱ्यांचं आजारपण यात सात-आठ वर्षं घरी काढून परत निघालेल्या बायकांचे अर्ज माझ्याकडे कायम येतात. त्यांची नोकरी हुशारीअभावी जात नाही. भलत्याच कारणांनी जाते आणि दर वेळी कारणं तीच.

अर्जावर नवऱ्याचा मोबाइल

याचा मला खरोखर संताप येतो. भुसावळची एक एम.कॉम. झालेली बाई. लग्नाआधी सीएच्या ऑफिसात काम केलेलं, मुलाखतही छान झाली. कारखान्यातून दुसऱ्या दिवशी फोन गेला, तर बंद. संध्याकाळी केला, तरी बंद. नवरा लोको पायलट, म्हणजे रेल्वेगाडी चालवणारा. गाडीवर असताना मोबाइल बंद ठेवायचा हा त्यांचा नियमच. ड्युटी संपल्यावर त्यांना कॉलचे मेसेज दिसले, पण अनोळखी नंबर म्हणून त्यांनी सोडून दिले. महिनाअखेर तोंडावर होती, कारखान्याने दुसरीला घेतलं. मी विचारलं तेव्हा बाईंना पहिल्यांदा कळलं की आपली निवड झाली होती.

बरं, तोच नंबर आधारला, बँकेला, पीएफला. म्हणजे प्रत्येक ओटीपीसाठी नवरा घरी येईपर्यंत थांबा. स्वतःचं सिम घ्या, आधार केंद्रात जाऊन तो नंबर जोडा, मग अर्ज करा. अर्ज हातात घेताना माझा पहिला प्रश्न असतो, "हा फोन कोणाच्या खिशात असतो?"

प्रत्येक कागदावर वेगळं नाव

पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर वडिलांचं नाव मधे आणि आडनाव सासरचं. रुजू व्हायच्या दिवशी हे उघड होतं आणि पगार-पीएफची नोंद अडकते. मग कोणीतरी सल्ला देतं, "जुनं राहू द्या, नवीन यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) काढा." असले शॉर्टकट सुचवणाऱ्यांपासून लांब राहा. एका माणसाला एकच यूएएन असतो. पीएफच्या पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले नसतील तर लग्नाआधीची वर्षंही त्यात धरता येतात. नव्या नंबरच्या नादात ती वर्षं कशाला सोडायची?

मी एका कोऱ्या कागदावर सगळ्या कागदपत्रांवरचं नाव जसंच्या तसं, एकाखाली एक लिहायला लावते. चूक तिथेच डोळ्यांत भरते. विवाह नोंदणीचा दाखला काढून आधार, पॅन, बँक आधी एका नावावर आणा. याला वेळ लागतो. सोमवारी रुजू व्हायचं म्हणून शुक्रवारी धावपळ करणाऱ्यांची मला चिंता वाटते.

"माले आते काय येस?"

अमळनेरची एक ताई अहिराणीत असं म्हणाली, म्हणजे मला आता काय येतं? बोलता बोलता कळलं, ती गावातल्या बचत गटाची सचिव. इतिवृत्त, कर्जवाटपाची नोंद, बँकेत भरणा, सगळं तिच्या हातचं. अर्जात मात्र एक अक्षर नाही! असं काम वर्षांसकट लिहा. "कुठलंही काम चालेल" असं मात्र लिहू नका, पगार तिथेच कमी ठरतो.

ब्रेक लपवू नका. अमुक साली सोडलं, कारण हे, आता तयार आहे, एवढं पुरे.

पंधरा दिवसांचं सर्टिफिकेट

हिशेबाच्या कामावर परतणाऱ्यांनी भिंतीवर लावायचं सर्टिफिकेट मिळवण्यात पैसे घालवू नयेत. जीएसटी 1 जुलै 2017 ला आला, त्याआधी सोडलेल्यांना व्हॅट आठवतो. सप्टेंबर 2025 मध्ये दरही बदलले, 12 आणि 28 टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू 5 आणि 18 मध्ये गेल्या. ओळखीच्या दुकानदाराची एका महिन्याची खरी बिलं घेऊन बसा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवा, खरेदी जीएसटीआर-2बी शी (पुरवठादारांनी जीएसटी पोर्टलवर चढवलेल्या बिलांच्या यादीशी) ताडून पाहा, कोणत्या पुरवठादाराने बिल चढवलं नाही ते शोधा. मुलाखतीत नेमकं हेच विचारतात.

"घरबसल्या काम, आधी नोंदणी फी भरा" अशा जाहिरातींना एक रुपयाही देऊ नका.

आणि मूल लहान असेल तर पाळणाघराचं विचारायला संकोचू नका. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी ते कायद्याने लागतं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. पगाराचं बोलणं होतं त्याच बैठकीत हेही विचारा आणि नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय रुजू होऊ नका.