देशोदेशी खेळलेल्या स्ट्रायकरची कारकीर्द कशी लिहावी : मारिओ जार्देलचे उदाहरण

नागपूर आणि कामठी येथील फुटबॉल स्पर्धांच्या स्मरणिकांचा मजकूर मी गेली काही वर्षे तपासून देत आलो आहे. देणगीदारांच्या जाहिराती आणि प्रमुख पाहुण्यांचा शुभेच्छा-संदेश यांच्यामध्ये एका परदेशी खेळाडूवरचा लेख असलाच पाहिजे, असा अलिखित नियम आहे, आणि तो खेळाडू बहुधा ब्राझीलचा असतो. लेख पाठवणारी मुले मेहनती असतात. परंतु खेळाडू पुष्कळ क्लबांतून फिरलेला असला, की त्यांचा लेख रेल्वेच्या वेळापत्रकासारखा होतो. गाडी कोणकोणत्या स्थानकांवर थांबली ते कळते, पण ती तिथे किती वेळ थांबली, का थांबली आणि का सुटली, याचा पत्ता लागत नाही. अशा लेखाची तयारी कशी करावी, हे पुढे सांगितले आहे.

उदाहरणासाठी मी ब्राझीलचा मारिओ जार्देल निवडला आहे. रोमारिओ किंवा रोनाल्डो यांच्याविषयी वाचकाला आधीच पुष्कळ ठाऊक असते, त्यामुळे लेखकाची खरी कसोटी लागत नाही. जार्देलचा जन्म १८ सप्टेंबर १९७३ रोजी फोर्तालेझा येथे झाला. तो ब्राझील, पोर्तुगाल, तुर्कस्तान, इंग्लंड, इटली, अर्जेंटिना, सायप्रस, ऑस्ट्रेलिया आणि बल्गेरिया अशा नऊ देशांत खेळला, युरोपातील लीग सामन्यांतल्या गोलांसाठी दिला जाणारा ‘गोल्डन शू’ हा मान त्याने दोनदा मिळवला, आणि तरीही एकाही विश्वचषकात तो मैदानावर उतरला नाही. लेखकाने ज्याचा शोध घ्यावा असे काहीतरी या विसंगतीत आहे.

पहिले काम लिहिण्याचे नसून आखणीचे आहे. एका मोठ्या कागदावर हंगाम, क्लब, देश, स्पर्धा, सामने आणि गोल असे रकाने आखावेत आणि प्रत्येक हंगामाला स्वतंत्र ओळ द्यावी. ‘२००३ ते २००५ : चार क्लब’ अशी गोळाबेरीज करू नये, कारण नेमक्या अशा ओळींतच चुका लपतात. युरोपातील हंगाम साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपतो, तर ब्राझीलचे फुटबॉल जानेवारी ते डिसेंबर या वर्षाप्रमाणे चालते. त्यामुळे खेळाडूने अटलांटिक ओलांडला की एकच साल दोन ओळींत येते, आणि बेसावध लेखक त्याचे गोल दोनदा मोजतो. शिवाय ब्राझीलमध्ये प्रत्येक राज्याची वेगळी अजिंक्यपद स्पर्धा असते आणि राष्ट्रीय स्पर्धा तिच्याहून वेगळी असते. या दोन्हींचे गोल एकाच रकान्यात टाकणे म्हणजे विदर्भातील जिल्हा स्पर्धेचे गोल आणि संतोष करंडकाचे गोल एकत्र करण्यासारखे आहे.

‘लोन’ या शब्दाकडेही नीट पाहावे. लोनवर गेलेला खेळाडू हा उसना दिलेला खेळाडू असतो. करार मूळ क्लबाशीच राहतो. आपल्याकडे शेजारी उसने दिलेले विरजण कोणी परत मागत नाही, पण फुटबॉलमध्ये मुदत संपली की माल परत येतो आणि पुष्कळदा त्याची किंमत उतरलेली असते. जार्देल २००३ मध्ये इंग्लंडच्या बोल्टन वाँडरर्सकडे गेला आणि २००४ च्या जानेवारीत इटलीच्या अँकोनाकडे लोनवर गेला. ‘त्याने बोल्टन सोडून अँकोनाशी करार केला’ असे लिहिले, तर वाक्य वाचायला सरळ वाटते, पण ते चूक आहे.

तक्ता पूर्ण झाला की बेरीज करावी आणि ती छापील एकूण आकड्याशी जुळते का ते पाहावे. पोर्तुगालच्या पोर्तू क्लबाकडून जार्देलने १९९६-९७ मध्ये ३०, १९९७-९८ मध्ये २६, १९९८-९९ मध्ये ३६ आणि १९९९-२००० मध्ये ३८ असे लीगमधील गोल केले. बेरीज १३० होते आणि चार हंगामांतील लीग सामने होतात १२५. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. गोलांसोबत सामन्यांचा आकडा द्यावाच. नुसते १३० गोल सांगितले तर वाचक मान डोलावून पुढे जातो, पण १२५ सामन्यांत १३० म्हटले की मैदानावर खेळलेला कोणताही वाचक थबकतो. हे गोल केवळ लीगचे आहेत, चषकाचे आणि युरोपीय स्पर्धांचे वेगळे, हेही त्याच वाक्यात सांगावे. सगळेच गोल एकत्र मोजायचे ठरवले तर गोष्ट कुठवर जाते, ते रोमारिओच्या बाबतीत दिसले. मे २००७ मध्ये ब्राझीलच्या वास्को द गामा क्लबाकडून पेनल्टीवर त्याने आपला ‘हजारावा’ गोल केला, पण त्या मोजणीत युवा संघांतील आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतील गोलही धरलेले होते.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा मुद्दा पक्का बसणार नाही. एका स्मरणिकेत मी असे छापू दिले, की १९९९-२००० च्या हंगामात ३८ गोल करून जार्देल युरोपातील ‘गोल्डन शू’चा मानकरी ठरला. अंक वाटला गेला त्याच संध्याकाळी कामठीच्या एका वयस्कर वाचकाने मला गाठून शांतपणे विचारले, ‘‘सर, मग केव्हिन फिलिप्सला काय मिळाले?’’ मी निरुत्तर झालो. १९९६-९७ पासून हा सन्मान केवळ गोलांच्या संख्येवर दिला जात नाही; लीगच्या दर्जाप्रमाणे गोलांना गुणक लावला जातो. त्या वर्षी इंग्लंडच्या लीगला २ आणि पोर्तुगालच्या लीगला १.५ हा गुणक होता. संडरलंडच्या फिलिप्सचे ३० गोल म्हणजे ६० गुण झाले, तर जार्देलचे ३८ गोल म्हणजे ५७. आठ गोल अधिक करूनही जार्देल मागे राहिला. त्याला हा मान मिळाला तो आदल्या हंगामासाठी, म्हणजे १९९९ मध्ये ३६ गोलांवर, आणि पुढे २००२ मध्ये ४२ गोलांवर. म्हणजे ३६ गोलांना बूट मिळाला आणि ३८ गोलांना मिळाला नाही. एखाद्या पुरस्काराचा उल्लेख करण्यापूर्वी तो कशासाठी आणि कोणत्या नियमाने दिला जातो, हे पाहून घ्यावे, हे मी त्या संध्याकाळी शिकलो.

यानंतर कारकिर्दीचा ‘झीरो माइल’ ठरवावा. सिताबर्डीजवळच्या त्या दगडी स्तंभाचा दृष्टान्त नागपूरकर जरा अतीच वापरतात, हे मान्य आहे. पण येथे तो खरोखर कामी येतो. फिरत्या खेळाडूचा लेख जन्मापासून सुरू करण्याऐवजी, ज्या क्लबापासून इतर सर्व क्लबांची अंतरे मोजता येतील तो क्लब शोधावा. जार्देलच्या बाबतीत तो पोर्तू आहे. त्याआधी ब्राझीलमध्ये वास्को द गामा आणि ग्रेमिओ या क्लबांत तो घडला. १९९५ मध्ये लुईझ फेलिपे स्कोलारी यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रेमिओने कोपा लिबर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेतील क्लबांचा चषक जिंकला, तेव्हा १२ गोलांसह जार्देल त्या स्पर्धेत आघाडीवर होता. सप्टेंबर १९९६ मध्ये मिलानच्या मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात पोर्तूने ए. सी. मिलानला ३-२ असे हरवले, त्यांतील दोन गोल त्याचे होते. लेखाची सुरुवात या सामन्यापासून करावी, असे माझे मत आहे. वाचक एकदा त्या मैदानात शिरला, की फोर्तालेझाला मागे वळून जाण्यास तो कंटाळत नाही.

मग लेखकाने स्वतःला विचारावे, की हा खेळाडू गोल नेमका कसा करत असे. हा प्रश्न वगळलेला लेख कितीही लांब असला तरी पोकळ राहतो. जार्देल उंच होता, वेगवान नव्हता, चेंडू घेऊन तिघांना चकवणे हा त्याचा धर्म नव्हता. पेनल्टी क्षेत्रात योग्य जागी योग्य क्षणी उभे राहणे आणि बाजूने आलेल्या उंच चेंडूला डोके लावणे, यांत त्याला तोड नव्हती. अशा स्ट्रायकरला दोन्ही बाजूंनी चेंडू पुरवणारे साथीदार लागतात. पोर्तूमध्ये डाव्या बाजूने ल्युबिन्को द्रुलोविच त्याला क्रॉस देत असे. पुरवठा असेपर्यंत गोल होत राहिले, आणि जिथे तो आटला तिथे हाच खेळाडू जड व मंद भासू लागला. नुसत्या वेळापत्रकात हे कुठेच दिसत नाही. आपल्याकडील स्पर्धांत बाहेरगावचा नामांकित फॉरवर्ड आणावा आणि पंखांवर खेळणारे मात्र कच्चे ठेवावेत, म्हणजे काय होते ते प्रेक्षकांनी पाहिलेलेच आहे.

ज्या हंगामांत भरपूर घडले तिथे लेखाने थांबावे. २००० मध्ये स्ट्रायकर हाकान शुकुर इंटर मिलानकडे गेल्यावर तुर्कस्तानच्या गालातासराय क्लबाने जार्देलला आणले. येथे एक सापळा आहे : गालातासरायने त्याच वर्षी युरोपीय क्लबांचा युएफा चषक जिंकला होता, पण तो मे महिन्यात, जार्देल येण्यापूर्वी, म्हणून तो त्याच्या खात्यात टाकू नये. त्याच्या खात्यात जातो तो २५ ऑगस्ट २००० रोजी मोनॅको येथे झालेला युएफा सुपर कप. रेआल माद्रिदविरुद्ध २-१ अशा विजयात दोन्ही गोल त्याचे होते, आणि दुसरा ‘गोल्डन गोल’ होता, म्हणजे जादा वेळेत तो होताच सामना तिथेच संपला. हा नियम आता राहिलेला नाही, त्यामुळे तरुण वाचकासाठी एका वाक्यात तो समजावून द्यावा.

पुढच्याच वर्षी तो पोर्तुगालला परतला, पण पोर्तूकडे नव्हे तर लिस्बनच्या स्पोर्टिंगकडे. २००१-०२ मध्ये त्याने लीगच्या ३० सामन्यांत ४२ गोल केले आणि प्रशिक्षक लास्लो बोलोनी यांच्या संघाने लीग आणि चषक दोन्ही जिंकले. त्यानंतर स्पोर्टिंगला लीगचे अजिंक्यपद थेट २०२०-२१ मध्ये मिळाले, हे सांगितले की त्या हंगामाचे वजन वेगळे सांगावे लागत नाही. येथेच राष्ट्रीय संघाचा विषय घ्यावा, शेवटी वेगळ्या परिच्छेदात नव्हे. ब्राझीलकडून जार्देल दहा सामने खेळला आणि त्याने एक गोल केला. २००२ च्या विश्वचषकासाठी संघ निवडणारे प्रशिक्षक तेच स्कोलारी होते, ज्यांच्यासाठी त्याने १९९५ मध्ये गोल केले होते; तरीही त्यांनी त्याला घेतले नाही. त्या यादीत रोनाल्डो, रिव्हाल्डो आणि रोनाल्डिन्हो होते, आणि रोमारिओलाही वगळण्यात आले होते, हे लक्षात घेऊन लेखकाने अन्यायाची तुतारी फुंकू नये. क्रॉसवर डोके लावणाऱ्या खेळाडूसाठी त्या संघाची रचना नव्हती, असे मला वाटते. पण हे माझे मत आहे, आणि मत हे मत म्हणूनच लिहावे.

उतरणीचा भाग थोडक्यात उरकावा. बोल्टनकडून लीगमध्ये एकही गोल नाही, अँकोनाकडून तीन सामने आणि एकही गोल नाही, आणि तो संघ सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये तळाशी राहून खालच्या श्रेणीत घसरला. नंतर नेवेल्स ओल्ड बॉइज, गोइयास, बैरा-मार, अनोर्थोसिस, न्यूकॅसल जेट्स, क्रिसिउमा, चेर्नो मोरे. एवढी यादी एका वाक्यात मावते आणि तिला तेवढीच जागा द्यावी. न्यूकॅसल जेट्स म्हणजे ऑस्ट्रेलियातील क्लब, इंग्लंडमधील न्यूकॅसल युनायटेड नव्हे. ही गल्लत माझ्याकडे दोन लेखांत आलेली आहे. या काळाविषयी उपहासाने लिहिण्याचा मोह होतो, तो आवरावा. खासगी आयुष्याबद्दल खेळाडूने स्वतः जाहीरपणे जे सांगितले असेल तेवढेच घ्यावे. जार्देलने २००८ मध्ये नैराश्य आणि कोकेनच्या व्यसनाविषयी स्वतः कबुली दिली. ती एका वाक्यात, विशेषणे न लावता नोंदवावी. त्याच्या आधी किंवा नंतर इतरांनी काय काय तर्क केले, ते स्मरणिकेत येऊ नये. २०१४ मध्ये तो रिओ ग्रांदे दो सुल राज्याच्या विधानसभेवर निवडून आला आणि २०१६ मध्ये त्याचे सदस्यत्व रद्द झाले. ग्रेमिओ याच राज्यातला क्लब आहे, एवढे जोडले की १९९५ आणि २०१४ यांचा सांधा वाचकाला आपोआप दिसतो.

नावांच्या लेखनावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. ब्राझीलमध्ये शब्दाच्या आरंभीचा ‘र’ बहुधा ‘ह’सारखा उच्चारतात आणि व्यंजनापूर्वीचा किंवा शेवटचा ‘ल’ हा ‘उ’कडे झुकतो, त्यामुळे तिकडच्या कानाला रोनाल्डो हा ‘होनाउदू’ असतो. म्हणून मराठीत तसे छापले तर मोमिनपुऱ्यापासून मोतीबागेपर्यंत एकही वाचक त्याला ओळखणार नाही. रुळलेले रूप ठेवावे, आणि जे नाव रुळलेले नाही त्याचे एक रूप ठरवून लेखभर तेच वापरावे; पहिल्या पानावर जार्देल आणि तिसऱ्या पानावर जार्डेल असे होऊ देऊ नये.

मजकूर अक्षरजुळणीला गेल्यावर आलेले प्रूफ एकट्याने वाचू नये. एकाने तक्ता हातात धरावा आणि दुसऱ्याने प्रुफातील प्रत्येक आकडा मोठ्याने उच्चारावा : छत्तीस, अडतीस, बेचाळीस. देवनागरीतील ३६ आणि ३८ थकलेल्या डोळ्यांना सहज सारखे दिसतात, आणि या विशिष्ट खेळाडूच्या बाबतीत तो दोनाचा फरक कामठीत कोणाच्या लक्षात येईल, हे मला आता ठाऊक आहे.