वस्तीत ताजी भाजी आणायची तर

आधी घरोघरी विचारा: भाजी परवडत नाही, की मिळतच नाही? मी वेळ न विचारता भाजीचं वाटप दुपारी ठेवलं. बाया कामावरून परततात रात्री. पहिल्याच आठवड्यात पालेभाजी सडली. त्याची रुखरुख अजून आहे.

दहा घरं जमली की पैसे आगाऊ गोळा करा, घाऊक बाजारातून एकत्र घ्या, त्याच रात्री वाटा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि बटाटा त्यात धरत नाही. चौघांचे आठवड्याला अकरा किलो होतात! निम्म्यापासून सुरुवात करा. पालेभाजी आधी संपवायची, गाजर-कोबी मागे ठेवायचे. हिशेबाची वही मात्र सगळ्यांसमोर उघडी असू द्या.