स्युडोमोनासची बॅच नेमकी कुठे बिघडते? या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणी जवळ आली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात स्युडोमोनास फ्लुरोसेन्स या पिकांचे रोग रोखणाऱ्या जिवाणूला मागणी येते, आणि मग फर्मेंटरवर (जिवाणू वाढवायच्या टाकीवर) घाईघाईत बॅच लागतात. बॅच गेली की खापर मदर कल्चरवर, म्हणजे सुरुवातीच्या मूळ जिवाणूंवर, फुटतं. ते बिचारं बहुतेकदा निर्दोष असतं.

आधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, बघा. गेज १५ पाउंड (दर चौरस इंचाला) दाखवतोय म्हणजे आत १२१ अंश आहेत, असं धरून चालू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. इथे हवेचा दाबच कमी, त्यामुळे त्याच १५ पाउंडांना तापमान जवळजवळ एक अंश कमी भरतं आणि स्पोर (जिवाणूंची उष्णता सोसणारी सुप्त रूपं) मारण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते. आत हवा अडकली असेल तर विचारूच नका. वाफेचा सलग झोत येईपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि वेळ थर्मामीटर १२१ ला टेकल्यावर मोजा. छोट्या फ्लास्कला पुरणारी १५ मिनिटं पाच लिटरच्या भांड्याला पुरत नाहीत, कारण मधलं मीडियम (जिवाणूंचं पोषक द्रावण) उशिरा तापतं.

बॅच बिघडलीच तर ओतून देण्याआधी ग्रॅम स्टेन करा, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. जांभळ्या दांडक्यांत स्पोर दिसले तर निर्जंतुकीकरण कच्चं राहिलंय. बुरशीचे धागे दिसले तर एअर फिल्टर तपासा. गुलाबी दांडक्यांवर मात्र विसंबू नका. आपला जिवाणूही तसाच दिसतो, आणि टाकीभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटच्या गळतीतून शिरलेले पाण्यातले जिवाणूही. तिथे प्लेट लावावीच लागते, म्हणजे नमुना घट्ट मीडियमवर वाढवून बघावा लागतो.

किंग्ज बी या स्युडोमोनास ओळखायच्या मीडियमवर हिरवट-पिवळी चमक आली नाही म्हणून लगेच कंटॅमिनेशन (परक्या जंतूंची भेसळ) ठरवू नका. ही चमक लोह कमी असतानाच येते. बोअरच्या पाण्यातलं किंवा गंजलेल्या भांड्यातलं लोह ती दाबून टाकतं. डिस्टिल्ड पाण्यात मीडियम करून पुन्हा बघा.

इनॉक्युलम (टाकीत विरजणासारखं टाकायचं कल्चर) १६ ते १८ तासांचं, पाच टक्के, म्हणजे १०० लिटरला ५ लिटर. तापमान २८ अंश. थंडीत शेकर (फ्लास्क हलवणारं यंत्र) उघड्यावर ठेवला तर वाढ रखडणारच.

मीडियममधल्या पेप्टोन या प्रथिनयुक्त घटकामुळे फेस येतो. टाकी ७० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका आणि अँटिफोम (फेस मारणारं द्रव्य) मीडियमसोबतच ऑटोक्लेव्ह करा. फेस हवा बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट फिल्टरपर्यंत चढून फिल्टर ओला झाला की आतला दाब वाढतो आणि ओल्या फिल्टरमधून बाहेरचे जंतू आत वाढत येतात.