पहिली जुनी मोटारसायकल उभी करताना या चुका टाळा

पहिली गाडी म्हणून बंद पडलेली जुनी मोटारसायकल घ्यायची आणि ती स्वतःच्या हाताने उभी करायची, हा उद्योग मनापासून करण्यासारखा आहे. त्यातून गाडी जितकी कळते, तितकी नवी कोरी गाडी वर्षानुवर्षं चालवूनही कळत नाही. तरीही अशा बऱ्याच गाड्या खोक्यांमध्ये सुट्या भागांच्या रूपातच राहून जातात, आणि दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. खोलायची घाई नडते. काय बिघडलंय हे कळायच्या आधीच सगळी गाडी उघडली, की मूळचा दोष कुठला आणि जोडताना आपल्या हातून झालेला कुठला, हे नंतर सांगता येत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी जुळवून पाहा. कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी सोडून द्या, कारण ती रस्त्यावर आणता येणार नाही. गाडी घरी आली की आहे त्या अवस्थेत तपासा आणि सापडेल ते वहीत लिहा. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर हँडलच्या बेअरिंगच्या वाट्यांना खड्डे पडलेत. चाक बाजूने हलवून खेळ आहे का पाहा. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये पिस्टन हवा किती दाबतो ते) मोजा, तेही अॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरूनच, नाहीतर आत हवाच पुरेशी जात नाही आणि चांगलं इंजिन उगाच बाद ठरतं. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर संशय पिस्टनच्या रिंगांवर आणि बोअरवर (पिस्टन फिरतो त्या नळीवर), तसाच राहिला तर व्हॉल्व्हवर किंवा हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, गास्केटवर. पाच मिनिटांच्या या तपासणीने कित्येकदा अख्खं इंजिन उघडणं वाचतं.

जाम इंजिनावर जोर

किक हलत नाही म्हणून तिच्यावर उभं राहणारे खूप आहेत. गंजाने चिकटलेली रिंग अशा झटक्यात तुटते, किंवा किकचे दाते जातात. प्लग काढा, गंज सोडवणारं पातळ तेल आत सोडा आणि काही दिवस तसंच राहू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूच पुढे-मागे करा. वरचा गिअर अशासाठी, की त्यात चाकावरचा जोर क्रँकपर्यंत (पिस्टन ज्याला जोडलेला असतो त्या दांड्यापर्यंत) जास्त पोचतो, म्हणूनच हात हळू चालवायचा. तरीही हललं नाही तर हेड उघडायची वेळ आली, असं समजा.

चालू होत नाही, म्हणजे काय होत नाही?

आधी फुकटची कारणं तपासा: किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, बंद राहिलेला पेट्रोल कॉक. मग ठिणगी. काढलेला प्लग कॅपमध्ये लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला घट्ट टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. प्लग अधांतरी ठेवून किक मारत राहिलात तर सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा डबा) किंवा कॉइल जाऊ शकते.

ठिणगी आहे आणि गाडी चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते. उभ्या राहिलेल्या गाडीचं हे नेहमीचं लक्षण, आणि याचं कारण बहुधा कार्ब्युरेटरमधला पायलट जेट, म्हणजे गाडी संथ चालताना पेट्रोल सोडणारी बारीक नळी. त्याचं भोक साधारणपणे अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं आणि जुनं पेट्रोल सुकून होणारी राळ ते बंद करते. इथे लोक तार घालतात. जेट पितळेचा असतो, पोलादी तारेने भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कधीच जुळत नाही. जेट क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेच्या झोताने उडवा. क्लीनर मारण्याआधी सगळे रबराचे भाग काढून ठेवा, ते फुगतात. मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो अलगद आत टेकेपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहा, म्हणजे जोडताना तिथूनच सुरुवात करता येईल. टेकल्यावर पिळू नका, टोक वाकतं.

कार्ब्युरेटर लख्ख केला आणि टाकीतला गंज तसाच ठेवला, तर आठवड्याभरात पुन्हा तेच. टाकी आधी, कार्ब्युरेटर नंतर. गंजाला सायट्रिक अॅसिडचं पाणी चालतं, पण त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारा आणि टाकी लगेच सुकवा. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागते.

कार्ब्युरेटर गळत असेल तर ऑइलही तपासा. कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर पेट्रोल सिलिंडरमधून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे ऑइल असतं त्या इंजिनाच्या खालच्या भागात, उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढली आणि पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

आणि हो, गाडी नीट चालायच्या आधी उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावू नका. त्याने मिश्रणात हवा जास्त होते, आणि मूळ मापावर जे जुळलं असतं तेही हातून जातं.

स्क्रू आणि आटे

जपानी गाड्यांवरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू जेआयएस या जपानी मापाचे असतात. दिसतात नेहमीच्या फिलिप्ससारखे, पण फिलिप्सचा स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर निसटतो आणि खाच गोल करून टाकतो. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर छोटा ठिपका असतो. त्या मापाचे दोन स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर एवढं आधी आणा.

इंजिनाच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर केसिंग तडकतं. घट्ट करताना अंदाजावर जाऊ नका. अॅल्युमिनियमचे आटे पोलादी बोल्टपुढे मऊ असतात, आणि ऑइलच्या नटाचे आटे गेले की छोटं काम मोठं होतं. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) घ्या आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा पाळा. माझ्या मते मॅन्युअल ही पहिली खरेदी असायला हवी, पाने-अवजारं दुसरी. गास्केटच्या जागी ट्यूबमधलं सीलंट सढळ हाताने लावण्याची सवयही वाईट. आत दाबलं गेलेलं सीलंट सुटून ऑइलच्या बारीक वाटा बंद करतं.

टॅपेट आणि पिस्टन

टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली मोकळी जागा, इंजिन थंड असतानाच मोजा. पिस्टन वर आला एवढं पुरत नाही, तो कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आलेला हवा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. हवेवर थंड होणाऱ्या लहान इंजिनांत ही फट ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते. आवाज येऊ नये म्हणून ती आवळून टाकणं ही घातक चूक आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तापतो आणि जळतो. पिस्टन काढताना क्रँककेसचं तोंड स्वच्छ फडक्याने बुजवा, नाहीतर पिनची क्लिप उडून आत पडते. जोडताना क्लिप नवीच घ्या.

पावडर कोटिंगनंतरचा मुका दिवा

चेसिस नव्याने रंगवून सगळं जोडलं, आणि दिवे मंद, हॉर्न मुका, सेल्फ नुसता टकटक करतो. वायरिंग बदलायला धावू नका. अर्थची वायर जिथे चेसिसला बसते, तिथे रंगाचा थर वीज अडवतो. तेवढी जागा घासून धातू उघडा करा. कोटिंगला देण्याआधी आट्यांमध्ये आणि बेअरिंगच्या जागांमध्ये रंग जाणार नाही हेही सांगून ठेवा. चार्जिंगसाठी मल्टिमीटर पुरे. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी शांत असताना १२.६ च्या जवळपास दाखवते, इंजिन रेस केल्यावर १३.५ ते १४.५. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर बदला.

ब्रेक शेवटी नको

इंजिन धडधडलं की लोक गल्लीत चक्कर मारतात, ब्रेक नंतर बघू म्हणतात. माझा यात सर्वांत जास्त आग्रह आहे: गाडी धावायच्या आधी ती थांबली पाहिजे. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल ओढतं, म्हणून जुनं सगळं काढा. डॉट ३, ४ आणि ५.१ एका जातीचे, डॉट ५ सिलिकॉनचं, ते त्यांच्यात कधीच मिसळायचं नाही. ब्रेक सुरुवातीला ठीक आणि गाडी तापल्यावर आपोआप आवळत असेल, तर मास्टर सिलिंडरमधलं (ब्रेकच्या दांडीजवळ फ्लुइड दाबणाऱ्या भागातलं) परतीचं बारीक छिद्र बुजलेलं असू शकतं. तापून फुगलेल्या फ्लुइडला मागे जायला वाट मिळत नाही. ड्रम ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

टायरची नक्षी चांगली दिसते म्हणून तो ठेवू नका. बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. तीनच अंक असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, थेट भंगारात.

ऑइल मोटारसायकलचंच घ्या. बहुतेक गाड्यांचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी तो घसरतो. डब्यावर अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, जासो एमए किंवा एमए२, पाहा. चेन ताणून बसवू नका, माणूस बसल्यावर ती आणखी आवळते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चकतीचे) दाते वाकले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

नव्या रिंगा टाकल्या असतील तर पहिल्या फेऱ्या जवळच मारा. वेग सतत बदलता ठेवा, एकाच वेगावर लांब जाऊ नका, आणि पहिलं ऑइल लवकर काढा. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि ब्रेकचे, अॅक्सलचे, हँडलचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.