राखेचं काँक्रीट: विहिरीला पाणी आहे तोवरच उरका

गाळप संपत आलं की साखर कारखान्याच्या बॉयलरची राख ट्रॉल्यांनी गावात येते. लातूर, धाराशिव, बीडकडचे शेतकरी या दिवसांत हमखास विचारतात, "सिमेंटमध्ये घालू का?" घाला, पण राख आणि सिमेंटची गोणी, दोन्ही आधी पारखून घ्या.

बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, नीट जळालेल्या राखेत सिलिका भरपूर असते. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होतो आणि काँक्रीट घट्ट होतं. भाताच्या तुसाच्या राखेचंही तसंच. पऱ्हाटी, तुरकाट्यांच्या राखेत मात्र पालाशाचे क्षार जास्त. ती यात नको. आणि राखेसाठी शेतात पऱ्हाटी पेटवू तर अजिबात नका, कुट्टी करून मातीत मिसळा.

आमच्या गोठ्यात मागे चुलीची राख चाळून घातली होती. महिन्याभरात बैलांच्या खुरांखाली कोब्याचे पापुद्रे सुटले. बोटानं खरवडलं तरी काळी भुकटी निघायची.

गोणीवर पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) छापलं असेल तर वरून राख घालूच नका. त्यात 15 ते 35 टक्के फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातली कोळशाची बारीक राख) आधीच असते. ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं पोर्टलँड सिमेंट, घ्या. 45 किलो सिमेंटला 5 किलो राख, तीही काट्यावर तोलून. राख हलकी असते, घमेल्यानं मोजली की प्रमाण चुकतं.

कारखान्याची राख बहुधा ओली मिळते. ताडपत्रीवर खडखडीत वाळवा, मैद्याच्या चाळणीनं चाळा. वर उरणारे काळे धागे म्हणजे अर्धवट जळलेलं चिपाड, ते फेकून द्या. राख करडी हवी. काळीभोर असेल तर परत पाठवा. चाळताना नाकातोंडाला फडकं बांधा.

राखेनं माल कोरडा वाटतो आणि मिस्त्री पाणी ओततो. तिथे उभं राहून त्याला थांबवा. सिमेंट-राख मिळून 50 किलोला 30 लिटरच्या वर पाणी नको.

हे काँक्रीट ताकद सावकाश धरतं. त्यामुळे किमान 10 दिवस, आपल्या उन्हात 14 दिवस, त्यावरचं ओलं गोणपाट हलवायचं नाही. मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर हे जमत नाही. म्हणून फाल्गुनात काम काढा, नाहीतर सरळ दिवाळीनंतर.

गोठ्याचा कोबा, पायवाट, खळं एवढ्यापुरतंच हे वापरा. स्लॅब, कॉलम, बीमसाठी आधी त्याच मालाचे ठोकळे पाडून 28 दिवसांनी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि इंजिनिअर हो म्हणाला तरच हात घाला.