रात्री लेकराचा कान ठणकू लागला तर

कोल्हापुरात पावसाची झड लागली की पोरांना सर्दी धरते आणि दोन-चार दिवसांत एखाद्या रात्री कान ठणकतो. आडवं केलं की रडणं वाढतं. लसूण घालून कडवलेलं तेल कानात सोडू नका. दुखणं पडद्याच्या आत असतं, तेल तिथं पोचत नाही. पडदा फाटला असेल तर मात्र आत उतरून त्रास वाढवतं.

आधी वेदना थांबवा. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, सहा-सहा तासांनी, दिवसात चारदाच. बाटलीवरचा आकडा वाचाच: 10 किलोच्या बाळाला 5 मिलीत 250 मिलिग्रॅमवालं सिरप 3 मिली, 120 वालं सव्वासहा मिली. थेंबांची बाटली त्याहून कडक असते. चुका इथंच होतात.

अँटिबायोटिकची घाई नको, बरेच कान दोन-तीन दिवसांत आपसूक निवळतात. पण कान वाहतोय, ताप 102 च्या वर, दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे दोन्ही कान दुखताहेत किंवा 48 तासांत उतार नाही, तर डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांच्या आतलं बाळ औषधाआधीच न्या. कानामागं सूज येऊन कान पुढं ढकलल्यासारखा दिसला, तर रात्रीच सीपीआर (कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय) गाठा.