कॅल्शियम फिल्टरने सूर्याचे फोटो कसे काढायचे

सूर्याचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेक जण आधी हायड्रोजन अल्फाच्या (हायड्रोजनच्या लाल प्रकाशात सूर्य दाखवणाऱ्या) दुर्बिणी बघतात, किंमत बघतात आणि तिथेच थांबतात. माझं स्पष्ट मत आहे की ज्याला डोळ्यांनी बघण्यापेक्षा फोटोच काढायचेत त्याने कॅल्शियम के रेषेपासून, म्हणजे सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियममुळे उमटणाऱ्या एका रेषेपासून, सुरुवात करावी. ही रेषा 393.4 नॅनोमीटरवर, म्हणजे जांभळ्या रंगाच्या अगदी टोकाला येते आणि ती मुळात रुंद आहे, त्यामुळे हायड्रोजन अल्फाला जसा एक अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरचा दहावा भाग) आतला फिल्टर आणि त्याचं सतत ट्यूनिंग लागतं तसं इथे लागत नाही, दोन-अडीच अँगस्ट्रॉमचा फिल्टरसुद्धा मस्त काम करतो. दिसतं काय तर डागांच्या भोवतीचे पांढरेशुभ्र पट्टे, म्हणजे प्लाज, आणि सगळ्या सूर्यावर पसरलेली जाळी, जिचा एकेक कप्पा साधारण 30 हजार किलोमीटरचा असतो. डाग सोडले तर जिथे चुंबकीय क्षेत्र जोरात तिथे कॅल्शियम उजळ, म्हणजे तुम्ही एका अर्थी सूर्याच्या चुंबकत्वाचाच फोटो काढताय.

आता आधी सुरक्षेचं, कारण यात चूक झाली तर डोळा जातो. कॅल्शियम फिल्टर फक्त कॅमेऱ्यासाठी असं समजूनच चाला, त्यातून डोळ्याने बघायचं नाही. नुसता फिल्टर कॅमेऱ्यापुढे लावून दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही, आधी उष्णता कमी करणारं काहीतरी हवंच. एक रस्ता म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर बाडर कंपनीची फोटोग्राफिक सोलर फिल्म, घनता (प्रकाश अडवण्याची क्षमता) 3.8 वाली. ही फिल्म बघण्यासाठीच्या 5 घनतेच्या फिल्मपेक्षा साधारण 16 पट जास्त प्रकाश आत सोडते, म्हणून तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात ‘फक्त कॅमेरा’ लिहून ठेवा, घरात दोन्ही फिल्म असतील तर हे फार महत्त्वाचं. दर वेळी लावायच्या आधी उजेडासमोर धरून बारीक भोकं पडलीयत का ते बघा. दुसरा रस्ता हर्शेल वेज (बहुतेक प्रकाश आणि उष्णता बाजूला काढणारा काचेचा प्रिझम), पण तो फक्त भिंगाच्या दुर्बिणीला, आरशाच्या दुर्बिणीला अजिबात नाही. फाइंडरला (मोठ्या दुर्बिणीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला) टोपण घाला नाहीतर काढूनच ठेवा. आणि गच्चीवर लहान मुलं असतील तर दुर्बिणीजवळून हलायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

फिल्टर कुठला घ्यायचा? बाडरचा के-लाइन फिल्टर 8 नॅनोमीटर रुंद आहे, त्यात प्लाज छान उठून दिसतात, खासकरून कडेला, पण खालच्या थराचा प्रकाशही भरपूर मिसळतो म्हणून जाळी फिकी येते. लुंट कंपनीचं कॅल्शियम मॉड्यूल 2.4 अँगस्ट्रॉमचं, त्यात खरा क्रोमोस्फिअर (सूर्याच्या दृश्य पृष्ठभागावरचा थर) दिसतो पण खर्च बराच वाढतो, आणि ते किती व्यासाच्या दुर्बिणीला चालतं, पुढे काय लावायचं हे मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं ते तंतोतंत पाळायचं. हाताने बनवायची हौस असेल तर सोलेक्स बघा, क्रिस्तियाँ ब्युइल यांनी डिझाइन केलेलं थ्रीडी प्रिंटवालं यंत्र, त्यात फिल्टरच नसतो, फटीतून वर्णपट घेऊन सॉफ्टवेअर सूर्य जोडून देतं. कोडईकनालच्या सौर वेधशाळेत 1904 पासून कॅल्शियमचे फोटो याच तत्त्वाने काढले गेले.

दुर्बीण मोठी नको. 60 ते 80 मिलिमीटरची साधी रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण) पुरे, कारण एकाच रंगात काम करतोय तर रंगदोषाचा प्रश्न येत नाही, पण बरीच भिंगं हिरव्या-पिवळ्या रंगासाठी घासलेली असतात आणि जांभळ्यात थोडी मऊ प्रतिमा देतात. एफ संख्या (फोकल लांबी भागिले व्यास) 7 किंवा त्याहून जास्त असेल तर हा त्रास कमी. शिवाय लहान तरंगलांबीमुळे 80 मिलिमीटरमध्येच सव्वा सेकंद कोनाइतका तपशील मिळू शकतो, आपली हवा दिवसा त्याहून जास्त क्वचितच देते. सूर्याची प्रतिमा किती मोठी येईल तर फोकल लांबीला 109 ने भागा, 500 मिलिमीटरला साडेचार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आयएमएक्स 178 या कॅमेरा सेन्सरवर पूर्ण सूर्य मावतो. कॅमेरा मात्र मोनोच (काळापांढरा) घ्या, रंगीत कॅमेऱ्यात जांभळा प्रकाश मुख्यतः निळ्याच पिक्सेलवर पोचतो आणि बाकीचे जवळजवळ वाया जातात. बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जादा भिंग) लावायची असेल तर मायक्रॉनमधल्या पिक्सेलच्या आकाराची पाचपट एफ संख्या धरा, 2.4 मायक्रॉनला एफ 12, त्यापुढे नुसतं अंधुक मोठं होतं.

खरी परीक्षा हवेची आणि फोकसची. जांभळा प्रकाश हवेत जास्त हलतो आणि जास्त विखुरतो, म्हणून सूर्य फार खाली असताना नको आणि दुपारी गच्चीचा स्लॅब तापल्यावर तर नकोच. आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेआठ ते साडेदहा ही माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ, त्यातही गवतावर किंवा मातीवर स्टँड लावला तर फरक लगेच कळतो. पावसाळ्यातही सोडून देऊ नका, मोठी सर पडून गेल्यावर धूळ धुतली जाते आणि तासभर आकाश काचेसारखं मिळतं.

फोकसची जागा नेहमीच्या प्रकाशापेक्षा वेगळी असते, म्हणून एक्सटेन्शन ट्यूब जवळ ठेवा. डोक्यावर आणि लॅपटॉपवर काळं कापड घ्या, गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) वाढवून स्क्रीनवर आधी सूर्याची कड धारदार करा, मग एखाद्या डागाच्या काठावर येऊन फोकसर अगदी केसभर पुढेमागे करत राहा, हवा क्षणभर शांत होते तेव्हाच खरा फोकस दिसतो, म्हणून घाई नको. पाच-दहा मिनिटं गेली तरी चालतील, आणि ट्यूब तापत जाते तसा फोकस सरकतो म्हणून मधेमधे पुन्हा तपासा.

मग शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एसईआर प्रकारचा व्हिडिओ, एक्सपोजर 10 मिलिसेकंदाच्या आत, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) 70-75 टक्क्यांवर, म्हणजे प्लाज जळत नाहीत. हजार-दोन हजार फ्रेम्स पुरतात, व्हिडिओ मिनिटभराचा ठेवा. फ्लॅट (धुळीचे डाग नंतर वजा करण्यासाठीचा एकसारखा उजळ फोटो) नक्की घ्या, जांभळ्यात सेन्सरवरची धूळ फार दिसते, दुर्बिणीपुढे पातळ पांढरी प्लास्टिकची पिशवी ताणून सूर्याचा मध्य रेकॉर्ड केला की झालं, फक्त सोलर फिल्म असेल तर ती जागेवरच ठेवून पिशवी तिच्या पुढे. ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमध्ये उत्तम 10 टक्के फ्रेम्स स्टॅक करा (एकावर एक रचून एक फोटो करा), आयएमपीपीजी सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू धार द्या, कडेभोवती पांढरी रेघ यायला लागली की एक पाऊल मागे या. जांभळा रंग शेवटी कर्व्ह्जने द्यायचा, पण काळापांढरा मूळ फोटो तारीख-वेळेसकट जपून ठेवा.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने बनवलेली, भारताच्या आदित्य एल1 या सौर यानावरची सूट दुर्बीण शेजारच्याच कॅल्शियम एच रेषेत, 396.85 नॅनोमीटरवर फोटो घेते, तिची चित्रं समोर ठेवून आपल्या फोटोतले प्लाज कसे दिसायला हवेत हे ताडून बघा, त्यातून धार जास्त झालीय की कमी ते चटकन समजतं.